हॉटेलमधील अतिथी सेवा : दिलेली वेळ, पोचलेला निरोप आणि ऐकलेली तक्रार

अतिथी सेवेचा पाठ बहुधा नमस्कारापासून सुरू होतो. हात कसे जोडावेत, आवाज किती ठेवावा, गणवेश कसा असावा, पाहुण्याशी बोलताना मोबाइल कुठे असावा. हे सगळे शिकायला हवेच, पण मन लावले तर ते पंधरा दिवसांत अंगवळणी पडते. पुढची पंधरा वर्षे जे शिकावे लागते ते निराळे आहे आणि या पाठात आपण त्याच भागाकडे पाहणार आहोत.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात उत्पादन आणि औद्योगिक अभियांत्रिकी शिकवते. आमच्या खुल्या वैकल्पिक विषयात सेवा प्रणालींवर एक प्रकरण आहे आणि त्यासाठी हॉटेलइतके चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. कारखान्यात सदोष वस्तू तपासणीच्या टेबलावर बाजूला काढता येते. हॉटेलात मात्र सेवा तयार होत असतानाच पाहुणा ती वापरत असतो, तिला तपासणीचे टेबल नाही. त्यामुळे चूक झाल्यावर ती शोधण्यापेक्षा चूक होणार नाही अशी कामाची रचना करणे, हाच मार्ग उरतो. हा पाठ हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना उपयोगी आहे, तसाच हॉटेलच्या देखभाल विभागात नोकरीला लागणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनाही.

पाहुणा काय मोजतो?

ए. परशुरामन, व्हॅलेरी झाइथमल आणि लेनर्ड बेरी या तीन अभ्यासकांनी १९८५ मध्ये सेवेच्या गुणवत्तेविषयी एक प्रारूप मांडले आणि १९८८ मध्ये त्यावर आधारित ‘सर्व्हक्वाल’ ही मोजमापाची प्रश्नावली दिली. त्यांच्या मते ग्राहक सेवेकडे पाच अंगांनी पाहतो : विश्वासार्हता, तत्परता, खात्री, आपुलकी आणि डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, म्हणजे इमारत, फर्निचर, गणवेश. या पाचांत त्यांना सर्वांत वजनदार आढळली ती विश्वासार्हता. जे सांगितले ते, सांगितले तेव्हा, सांगितले तसे मिळणे.

हॉटेलच्या भाषेत बोलायचे तर पाहुण्याने पहाटे साडेचारला उठवायला सांगितले होते, फोन गेला नाही आणि त्याची गाडी चुकली. त्या दिवशी त्याच्या खोलीत फळांची टोपली ठेवून काही उपयोग होत नाही. टोपली हे दिसणारे अंग आहे, फोन हे विश्वासार्हतेचे. अनेक हॉटेलांचा सारा खर्च पहिल्यावर होतो, दुसऱ्यासाठी रात्रपाळीच्या माणसाजवळ एक वहीसुद्धा नसते.

याच तिघांनी आणखी एक मुद्दा मांडला तो म्हणजे दरी. पाहुण्याची अपेक्षा आणि त्याला मिळालेली सेवा यांत अंतर पडते, पण ते एकाच जागी पडत नाही. व्यवस्थापनाला अपेक्षाच कळलेली नसते, कळली तरी तिचे नियमात रूपांतर झालेले नसते, नियम असला तरी तो पाळण्याइतकी माणसे किंवा वेळ नसतो, आणि हे सगळे जुळले तरी विक्री विभागाने भलतेच वचन दिलेले असते. शेवटच्या दोन कारणांकडे आता आकड्यांतून पाहू या.

दुपारचे दोन

समजा, एका मध्यम हॉटेलात खोली सोडण्याची वेळ बारा आणि नव्या पाहुण्याला खोली देण्याची वेळ दोन आहे. एका दिवशी बाराच्या ठोक्याला वीस खोल्या रिकाम्या झाल्या. हाउसकीपिंगचे पाच कर्मचारी हाताशी आहेत. पाहुणा सोडून गेलेली खोली नीट आवरायला, म्हणजे चादरी आणि उशांचे अभ्रे बदलणे, बाथरूम घासणे, धूळ पुसणे, साबण-टॉवेल भरणे यासाठी, साधारण ३५ मिनिटे धरू. दोन तासांत एक कर्मचारी तीन खोल्या पूर्ण करतो. पाच जणांच्या पंधरा झाल्या. उरलेल्या पाच खोल्या दोन वाजून वीस मिनिटांनी होतील. त्यानंतर सुपरवायझरची तपासणी आणि संगणकावर खोलीची स्थिती बदलणे, म्हणजे अडीच.

आता दोन वाजता वीस कुटुंबे काउंटरवर उभी आहेत. पंधरांना किल्ली मिळाली. उरलेल्या पाचांना काय सांगायचे? बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेले असते : “पाच मिनिटं बसा साहेब, खोली होतेच आहे.” हे वाक्य पाच-पाच मिनिटांनी सहा वेळा उच्चारले जाते. पाहुणा अर्धाच तास थांबला, पण त्याला सहा वेळा खोटे ऐकावे लागले.

यापेक्षा असे सांगता येते : “काका, आपली खोली आवरणं चालू आहे, अडीचला मिळेल. सामान इथं ठेवून चिठ्ठी देतो. काकूंना हात-पाय धुवायचे असतील तर डाव्या हाताला वॉशरूम आहे. जेवण व्हायचं असेल तर डायनिंग हॉल तीनपर्यंत चालू आहे, बाहेर जायची गरज नाही.” थांबणे तेवढेच आहे, पण ते किती आहे हे कळले, का आहे हे कळले आणि मधल्या वेळात करायला काही मिळाले. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहिताना हेच सांगितले होते : रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, अनिश्चित थांबणे निश्चित थांबण्यापेक्षा लांब वाटते आणि कारण न कळलेले थांबणे कारण कळलेल्या थांबण्यापेक्षा लांब वाटते.

मात्र ‘अडीच’ हा आकडा रिसेप्शनवरच्या मुलाला कुठून मिळणार? तो गोड बोलण्यातून येत नाही. कोणत्या खोल्या केव्हा रिकाम्या झाल्या, किती जण कामावर आहेत आणि आधी कोणत्या खोल्या घेतल्या आहेत, हे त्याला समोर दिसले पाहिजे. येणाऱ्यांची यादी सकाळी हाउसकीपिंगकडे गेली आणि त्यांनी ज्यांचे पाहुणे लवकर येणार त्या खोल्या आधी घेतल्या, तर पुष्कळदा तो अर्धा तासही वाचतो.

हाच हिशोब कर्मचाऱ्याच्या बाजूनेही करून पाहा. पाळी आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटे. जेवण-चहाची ४५ आणि सकाळची बैठक व ट्रॉली भरणे यांची ३० वजा केली की उरली ४०५. रिकाम्या झालेल्या आठ खोल्यांना प्रत्येकी ३५ आणि पाहुणा राहत असलेल्या सहा खोल्यांना प्रत्येकी २० मिनिटे धरली तर ४०० मिनिटे झाली. चौदा खोल्या बसल्या, हातात पाच मिनिटे राहिली. आता राहत्या खोल्यांपैकी दोघांनी अचानक चेकआउट केले तर ३० मिनिटे वाढतात आणि हिशोब २५ मिनिटांनी तुटतो.

तुटलेली ती २५ मिनिटे कुठून येतात? जे दिसत नाही त्यातून. पलंगाखालचा केर राहतो. पाण्याचे ग्लास धुऊन बदलायचे ते खोलीतल्याच टॉवेलने पुसले जातात. पलंग मात्र कडक इस्त्रीसारखा दिसतो, कारण सुपरवायझर आधी तोच पाहतो. अशा वेळी कर्मचाऱ्याला रागावून स्वच्छता वाढत नाही. व्यवस्थापनाने राहत्या खोल्यांतील दोन कामे दुसऱ्याकडे द्यावीत किंवा खोली तीनला देण्याचे ठरवावे. चौदाच्या सोळा खोल्या देऊन वर ‘हसतमुख राहा’ असा फलक लावणारे हॉटेल सेवा शिकवत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

काउंटरवरचे एक मिनिट

रांगेचे गणित अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना माहीत असते, पण ते इथे वापरून पाहावे असे त्यांच्या मनात येत नाही. समजा, एका काउंटरवर तासाला सरासरी दहा पाहुणे येतात आणि एका नोंदणीला सरासरी पाच मिनिटे लागतात. म्हणजे काउंटरची क्षमता तासाला बारा. वरवर पाहता दोन पाहुण्यांची सवड आहे. पण पाहुणे घड्याळ लावून सहा-सहा मिनिटांनी येत नाहीत आणि प्रत्येकाची नोंदणीही सारख्या वेळेत होत नाही. परदेशी पाहुणा असेल तर पासपोर्ट आणि व्हिसाची माहिती घ्यावी लागते, कारण ती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवायची असते. अशा अनियमित रांगेचे सर्वांत सोपे सूत्र असे आहे :

काउंटरवर जाणारा सरासरी वेळ (तासांत) = १ ÷ (सेवेचा दर − येण्याचा दर)

इथे तो १ ÷ (१२ − १०), म्हणजे अर्धा तास येतो. आता नोंदणी पाचऐवजी चार मिनिटांत झाली तर क्षमता तासाला पंधरा होते आणि वेळ १ ÷ (१५ − १०), म्हणजे १२ मिनिटे. एका मिनिटाच्या बचतीने पाहुण्याची १८ मिनिटे वाचली. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमाने पाहिले तर काउंटरजवळची सरासरी गर्दी पाच माणसांवरून दोनवर आली.

ते एक मिनिट भरभर बोलून वाचवायचे नसते. आदल्या संध्याकाळी येणाऱ्यांची कार्डे भरून ठेवणे, ओळखपत्राची प्रत आधी मागवणे, खोलीचा क्रमांक लिहिलेले किल्लीचे पाकीट तयार ठेवणे, छपाईयंत्रात कागद आहे का हे दीड वाजता पाहणे, यातून ते वाचते. (खोलीचा क्रमांक पाकिटावर लिहून दाखवायचा, मोठ्याने उच्चारायचा नाही. एकट्या प्रवास करणाऱ्या बाईच्या मागे रांगेत कोण उभे आहे हे आपल्याला ठाऊक नसते.)

चाळीस जणांची बस आली तर मात्र हे सूत्र लागू पडत नाही, कारण तिथे येण्याचा दर असा काही राहतच नाही. एकेकाला चार मिनिटे दिली तर शेवटच्याचा नंबर पूर्ण व्हायला १६० मिनिटे लागतील. तेव्हा सहलीच्या व्यवस्थापकाकडून यादी आधी घ्यायची, किल्ल्या बसच्या दारातच वाटायच्या आणि सह्या नंतर घ्यायच्या.

निरोप चार हातांतून जातो

लिन शोस्टॅक यांनी १९८४ मध्ये सेवेचा आराखडा काढण्याची पद्धत मांडली. घराचा नकाशा काढतो तसा सेवेचा नकाशा. त्यात मधोमध एक आडवी रेघ असते. रेघेच्या वर पाहुण्याला दिसणारी कामे, खाली न दिसणारी. हॉटेलाचा असा नकाशा काढला की लगेच ध्यानात येते की वर चार-पाच चौकटी आहेत आणि खाली तीस. आणि बहुतेक गडबड चौकटींच्या आत होत नाही, एका चौकटीतून दुसरीकडे जाणाऱ्या बाणांवर होते.

एक उदाहरण घेऊ. जयपूरच्या हॉटेलात नागपूरहून एक बाई फोनवर खोली आरक्षित करतात आणि सांगतात, “आईंना गुडघ्याचा त्रास आहे. लिफ्टजवळची खोली द्या आणि बाथरूममध्ये बसायला स्टूल ठेवा.” हा निरोप आरक्षणाकडून फ्रंट ऑफिसकडे, तिथून हाउसकीपिंगच्या कार्यालयाकडे, तिथून मजल्याच्या सुपरवायझरकडे आणि तिथून खोली आवरणाऱ्याकडे जातो. चार बाण झाले. प्रत्येक ठिकाणी दहापैकी नऊ वेळा निरोप बरोबर पुढे गेला, असे धरू. नव्वद टक्के म्हणजे परीक्षेत विशेष प्रावीण्य. पण चारही ठिकाणी तो पोचण्याची शक्यता ०.९ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ६६ टक्के. दर तीन आईंमागे एकीला स्टूल मिळत नाही. आणि कोणीही कामचुकार नाही. प्रत्येकाने आपापले काम ‘चांगले’ केले आहे.

प्रत्येक टप्पा ९८ टक्क्यांवर नेला तर शेवटी ९२ टक्के मिळतात. ते कसे करायचे? दोन सवयी पुरतात. पहिली, ऐकले त्या क्षणी लिहायचे, नंतर नाही. दुसरी, घेणाऱ्याने निरोप उलट वाचून दाखवायचा : “मॅडम, ३१४, लिफ्टजवळ, बाथरूममध्ये स्टूल, संध्याकाळी सहाच्या आत. बरोबर?” विमानतळाच्या नियंत्रण कक्षात हे सक्तीचे असते. हॉटेलात तसे केले तर सुरुवातीला लोक हसतात, महिनाभराने हसत नाहीत. याशिवाय पाळी बदलताना लॉगबुक वाचून सही करणे. रिट्झ-कार्लटन या हॉटेल साखळीला अमेरिकेचा माल्कम बाल्ड्रिज गुणवत्ता पुरस्कार १९९२ आणि १९९९ असा दोनदा मिळाला. त्यांच्याकडे रोज प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला सगळे उभ्या उभ्या थोडा वेळ एकत्र जमतात आणि त्या दिवशीच्या गोष्टी बोलतात. त्याला पैसे लागत नाहीत.

“गरम पाणी येत नाही”

आता तक्रारीकडे वळू. हा भाग मी वर्गात सर्वांत जास्त वेळ घेऊन शिकवते, कारण इथे सेवा आणि यंत्रशास्त्र एकत्र येतात.

सकाळी सहाला ३१२ मधून फोन येतो, गरम पाणी येत नाही. रिसेप्शनवरचा मुलगा “पाठवतो साहेब” म्हणतो. देखभाल विभागाचा माणूस त्याच्या सवडीने दहाला जातो, नळ सोडतो, पाणी गरम येते. तो वहीत लिहितो ‘तपासले, ठीक आहे’. पाहुण्याला वाटते, आपल्याला खोटे ठरवले. देखभालवाल्याला वाटते, पाहुणे उगाच कटकट करतात. दोघेही खरे बोलत आहेत.

गंमत पाइपात आहे. रात्रभर कोणी पाणी वापरले नाही की गरम पाण्याच्या पाइपातले पाणी थंड होते. आतला व्यास २५ मिलिमीटर आणि लांबी २० मीटर धरली तर त्यात जवळजवळ दहा लिटर पाणी मावते. नळातून मिनिटाला पाच लिटर पाणी येत असेल तर पहिली दोन मिनिटे थंडच पाणी येणार. पाइपही तापायचा असतो, त्यामुळे थोडे जास्तच. पाहुणा मिनिटभर वाट पाहतो आणि नळ बंद करून फोन उचलतो. दहा वाजेपर्यंत शेजारच्या खोल्यांतल्या लोकांनी आंघोळी केल्या, पाइप तापला, म्हणून तंत्रज्ञाला पाणी लगेच गरम मिळाले.

तक्रार वहीत फक्त ‘ठीक आहे’ अशी लिहिली तर यातले काहीच कळत नाही. खोली क्रमांक आणि वेळ अशा दोन रकान्यांत महिनाभर लिहा. मग दिसते की तक्रारी ११२, २१२, ३१२, ४१२ याच खोल्यांच्या आहेत, म्हणजे एकाच उभ्या पाइपवरच्या, बॉयलरपासून सर्वांत लांबच्या, आणि सगळ्या पहाटे पाच ते सात यांच्यातल्या. आता देखभाल विभागाला नेमके कुठे पाहायचे ते कळते. गरम पाणी सतत फिरते ठेवणारा परतीचा पाइप असतो, त्यावर छोटा पंप असतो. विजेची बचत म्हणून कोणीतरी त्याच्या टायमरवर तो सकाळी सातला सुरू होईल असे ठरवून दिलेले असते. तो साडेचारला सुरू करा, तक्रारी थांबतात. टायमर ठीक असेल तर त्या फांदीत हवा अडकली आहे का, झडप अर्धी बंद आहे का ते पाहा.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवते. विजेच्या बचतीसाठी साठवणीच्या टाकीचे तापमान कोमट पातळीवर आणू नका. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हे जिवाणू वाढतात, त्यांच्यामुळे गंभीर न्यूमोनिया होतो. टाकीत ६० अंश सेल्सिअस ठेवायचे आणि नळाशी भाजणार नाही यासाठी मिश्रण करणारी झडप बसवायची.

पंप दुरुस्त होईपर्यंत रिसेप्शनने काय बोलायचे, हेही शिकावे लागते. “सगळ्यांना येतंय साहेब” हे वाक्य कधीच नको. त्याऐवजी : “माफ करा साहेब. तुमच्या खोलीच्या बाजूला सकाळी पाणी यायला दोन-तीन मिनिटं लागतात. नळ थोडा वेळ सोडून ठेवा. पाच मिनिटांनी मी स्वतः फोन करतो, नाही आलं तर २०८ रिकामी आहे, तिथं आंघोळीची सोय करतो.” आणि पाच मिनिटांनी फोन करायचाच. तो फोन गेला नाही तर आधीची सगळी माफी वाया जाते.

अधिकार किती?

वरच्या वाक्यात २०८ उघडून देण्याचा अधिकार त्या मुलाला आहे, असे मी गृहीत धरले. पुष्कळ हॉटेलांत तो नसतो. मॅनेजर साहेब नऊला येतात आणि तोवर पाहुणा थंड पाण्याने आंघोळ करून चेकआउटही करतो. रिट्झ-कार्लटनमध्ये पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी कोणताही कर्मचारी वरिष्ठांना न विचारता २००० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो, ही गोष्ट सेवेच्या बहुतेक अभ्यासक्रमांत सांगितली जाते. आकडा ऐकून आपल्याकडचे मालक दचकतात. तो आकडा आपला नाही. तालुक्याच्या गावातल्या लॉजमध्ये पाचशे रुपयांची मर्यादा, एक चहा-नाश्ता मोफत देण्याची मुभा आणि खोली बदलून देण्याचा अधिकार, एवढ्यानेही बरेच भागते. मात्र खर्च केल्यावर त्याची नोंद करायची आणि त्या नोंदीवरून कर्मचाऱ्याला झापायचे नाही. एकदा झापले की तो अधिकार पुन्हा कोणी वापरत नाही.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातील कर्मचारी नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात पाहुण्यांना बाहेर काढण्यासाठी स्वतः मागे थांबले, त्यांपैकी काहींचे प्राण गेले. रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी २०११ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये या वागण्याची मुळे शोधली. त्यांना ती भरती आणि प्रशिक्षणात दिसली : लहान शहरांतून मुले निवडणे, नेहमीच्या १२ ऐवजी १८ महिने शिकवणे आणि वरिष्ठाची वाट न पाहता पाहुण्याच्या बाजूने निर्णय घ्यायची सवय लावणे. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण लहान गावांतले आहेत आणि इंग्रजी अडखळते म्हणून मुलाखतीला घाबरतात. त्यांनी या लेखातला पहिला मुद्दा जरूर लक्षात ठेवावा.

स्वाध्याय

१. आपल्या जवळच्या एखाद्या हॉटेलात किंवा लॉजमध्ये परवानगी घेऊन दुपारी एक ते तीन बसा. प्रत्येक पाहुणा केव्हा आला आणि किल्ली केव्हा मिळाली ते लिहा. येण्याचा दर आणि सेवेचा दर काढा. सूत्राने येणारा वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांत फरक का पडला?

२. ‘लहान मुलासाठी पाळणा हवा’ हा निरोप आरक्षणापासून खोलीपर्यंत कोणकोणत्या हातांतून जातो, त्याचा नकाशा काढा. त्यातला कोणता बाण काढून टाकता येईल?

३. बारा वाजता ३२ खोल्या रिकाम्या झाल्या, सहा कर्मचारी आहेत, एका खोलीला ३५ मिनिटे आणि शेवटी तपासणीला दहा मिनिटे लागतात. दोन वाजता ३२ पाहुणे आले तर शेवटच्या पाहुण्याला कोणती वेळ सांगाल, आणि ती कोणत्या शब्दांत सांगाल?